परसातल्या कोंबड्यांसाठी मोड आलेला गहू की ट्रेमधला हिरवा मका?

गहू रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधला, की २-३ दिवसांत पांढरे मोड येतात आणि कोंबड्या ते दाण्यासकट टिपतात. मक्याला ट्रेमध्ये ८-१० दिवस लागतात, आणि १ किलो दाण्यांपासून ५-६ किलो हिरवा चारा मिळत असला, तरी वाढलेले वजन पाण्याचेच असते, हे ट्रे विकणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय लांब पाती बारीक कापून द्यावी लागतात, अन्यथा ती गळ्याखालच्या पिशवीत अडकू शकतात. पावसाळ्यात मुळांच्या जाळीवर बुरशी धरली, तर अख्खा ट्रे निमूटपणे टाकून द्यावा लागतो. दहा-बारा कोंबड्यांसाठी मला गहूच सोयीचा वाटतो. ज्वारी मात्र दोन्ही पद्धतींत टाळावी, कारण तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते.