गाडीतला गॅसवरचा फ्रिज: दोन उन्हाळ्यांनंतर

ऐरोलीत सोसायटीखाली उभ्या असलेल्या आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज आहे. कॉम्प्रेसरच नाही, त्यामुळे घरघरही नाही. माळशेजला मुक्काम केला की रात्री फक्त पाऊस ऐकू येतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण गाडी सपाट उभी हवीच. आतलं अमोनिया आणि पाण्याचं द्रावण मोटरने नाही, उष्णतेने आणि नळ्यांच्या उतारानेच फिरतं. पहिल्या उन्हाळ्यात गाडी तिरकी लावली आणि सकाळी सगळं दूध नासलेलं! आता पाणसळ लावून बघितल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही.

मे महिन्यात तर थंडावाच धरेना. मागची गरम हवा कोंडत होती. तुर्भ्याच्या एका कारागिराने वरच्या जाळीमागे दोन छोटे पंखे बसवून दिले, तेव्हा कुठे भाज्या टिकायला लागल्या. फार मन लावून काम केलं त्यांनी.

१२ व्होल्टवर फक्त इंजिन चालू असताना चालवा, नाहीतर बॅटरी बसते. प्रवासात सिलिंडर बंद. निघायच्या आदल्या दिवशीच घरच्या विजेवर गार करून ठेवा, याला थंड व्हायला कित्येक तास लागतात. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नर आणि धुराडं साफ करून घ्या. अमोनियाचा उग्र वास आला तर फ्रिज लगेच बंद करून दारं-खिडक्या उघडा, नळ्यांना स्वतः हात लावू नका.