बॉम्बरवरच्या माणसाचा माग: वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा

नागपुरात कुणाच्या घरी आजोबा-काकांची दुसऱ्या महायुद्धातली पदकं आणि ‘बेपत्ता’ अशी तार पेटीत जपून ठेवलेली असेल, तर सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) मोफत ऑनलाइन शोधसेवेपासून करा. आडनाव आणि आद्याक्षर एवढंच टाका. पूर्ण नावात स्पेलिंग जरा चुकलं की नोंद निसटते. भारतीय नावांचं तर हमखास. सेवाक्रमांक असेल तर उत्तमच.

या सेवेचा खरा उपयोग पुढे आहे. मृत्यूची तारीख आणि स्क्वाड्रन (हवाई दलाची तुकडी) मिळाली की त्याच स्क्वाड्रनचे, त्याच दिवशी गेलेले बाकीचे शोधा. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानावर सहसा सात जण: पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. पाचच सापडले तर उरलेले दोघे वाचले किंवा कैद झाले असावेत. हल्ले मध्यरात्र ओलांडत, म्हणून मागचा-पुढचा दिवसही बघा. नाव इंग्लंडमधल्या रनीमीड या बेपत्ता वैमानिक दलाच्या स्मारकावर असेल तर त्या माणसाची कबर ज्ञात नाही. तिथे अशी 20,000 हून अधिक नावं आहेत.

विमान कसं पडलं, ते मात्र इथे कळत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या ‘एआयआर 27’ मालिकेतली स्क्वाड्रनची नोंदवही मागवावी लागते. तिच्यातल्या फॉर्म 541 वर चालकदल आणि उड्डाणाची वेळ असते.

मध्य भारतातल्या अनेक कबरी पुण्याच्या खडकी युद्धस्मशानात हलवल्या आहेत. जाण्याआधी प्लॉट, रांग आणि कबरीचा क्रमांक लिहून घ्या.