लॅपटॉपच्या बायोसमधील बूट आणि डिस्क कंट्रोलरच्या सेटिंग्ज : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१४ साली घेतलेला आहे. चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मूळची १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असे त्याचे स्वरूप होते. जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने सरळ करणे, कडा कापणे, क्रमांक देणे आणि त्यांच्या पीडीएफ तयार करणे हे काम मी त्यावर करतो. एकेका संग्रहात तीस-चाळीस हजार लहान फाइली असतात, त्यामुळे प्रोसेसरपेक्षा डिस्कच अधिक राबते. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवली तेव्हा मोठा फरक पडला. तरीही अशा फोल्डरची प्रत काढायला लागणारा वेळ मला सतत खटकत होता. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये मी पहिल्यांदा बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रणालीची, सगळी पाने नीट वाचून काढली.

तेथे तीन गोष्टी आढळल्या. साटा कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा भाग) ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर होता, बूट मोड (लॅपटॉप सुरू होण्याची पद्धत) ‘लेगसी’, म्हणजे जुना, होता आणि बूटच्या क्रमात नेटवर्कचा नंबर पहिला होता. हा लॅपटॉप ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय आला होता आणि विंडोज ७ एका दुकानातून टाकून घेतले होते. विंडोज एक्सपीच्या इन्स्टॉलरमध्ये एएचसीआय या डिस्कशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नसे आणि त्यामुळे विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा येई, म्हणून कंट्रोलर आधी आयडीईवर नेण्याची सवय दुरुस्ती करणाऱ्यांना लागली होती. विंडोज ७ मध्ये तो ड्रायव्हर असूनही सवय तशीच राहिली. पुढे विंडोज १० वर आलो, डिस्क बदलली, पण ही सेटिंग अकरा वर्षे कोणी पाहिली नाही.

सर्वांत सोपा आणि बिनधोक बदल आधी केला. लॅपटॉप सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ अशी पांढरी ओळ येऊन काही क्षण थांबत असे; नेटवर्कवरून बूट करण्याचा तो फसलेला प्रयत्न होता. नेटवर्क बूट बंद करून डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली आणि सुरू होण्याच्या वेळातले सहा सेकंद तेवढ्यानेच गेले. ज्यांना बाकी कशालाच हात लावायचा नसेल, त्यांनी एवढे तरी जरूर करावे.

आयडीईवरून एएचसीआयवर जाताना मात्र मी घाई केली. सेटिंग बदलून सरळ रीस्टार्ट केले आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा समोर आला. याचे कारण असे की, आयडीईवर चालणारे विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढवत नाही आणि मग त्याला स्वतःची डिस्कच दिसत नाही. सेटिंग पूर्ववत केल्यावर सगळे जसेच्या तसे उघडले, एकही फाइल गेली नाही. योग्य क्रम असा आहे : आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या टॅबवर सेफ बूटची खूण करावी, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावे आणि नंतर ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. सेफ मोडमध्ये विंडोज लागतील ते मूलभूत ड्रायव्हर स्वतः चढवते, त्यामुळे अडचण येत नाही. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचा डिस्क कुलूपबंद करणारा प्रोग्राम) चालू आहे त्यांनी तो आधी तात्पुरता थांबवावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी, कारण बायोसमध्ये असे बदल झाले की तो ती मागू शकतो.

यातून मिळाले काय, ते मी क्रिस्टलडिस्कमार्क या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने आधी आणि नंतर मोजले होते. मोठी सलग फाइल वाचण्याचा वेग दोन्ही वेळा सेकंदाला ५१० एमबीच्या आसपास राहिला. ४ केबीचे तुकडे एकामागून एक वाचण्याचा वेगही २७ ते २९ एमबीच होता. मात्र अशाच तुकड्यांच्या ३२ मागण्या एकदम केल्या, तेव्हा आयडीईवर २८ एमबी आणि एएचसीआयवर २६० एमबीच्या वर आकडा आला. आयडीई पद्धतीत डिस्ककडे एका वेळी एकच मागणी जाते. ग्रंथालयाच्या काउंटरवर एका पुस्तकाची चिठ्ठी दिली, शिपाई ते घेऊन आला की मगच दुसरी चिठ्ठी द्यायची, तसा हा प्रकार आहे. एएचसीआयमध्ये ३२ चिठ्ठ्या एकदम देता येतात आणि कोणते पुस्तक आधी काढायचे हे शिपायाने ठरवायचे असते. एसएसडीत अनेक चिप एकाच वेळी काम करू शकतात, म्हणून तिला अशा रांगेचा मोठा फायदा होतो.

माझ्या कामात याचा अर्थ असा झाला की, ३८ हजार पानांच्या एका संग्रहाचे लघुचित्र तयार करायला आणि बॅकअप घ्यायला मिळून जी ५२ मिनिटे लागत, ती ३५ वर आली. ब्राउझर उघडणे, पत्र टाइप करणे, गाणी ऐकणे यांत मला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि ज्यांचे काम तेवढेच आहे त्यांना मी या खटाटोपाचा आग्रह करणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक नवी अडचण उभी राहिली. लॅपटॉप बॅटरीवर असताना मधूनच सगळे थिजायचे. माउसचा बाण हलत असे, पण कोणतीही खिडकी उघडत नसे, डिस्कचा दिवा एकसारखा जळत राही आणि अर्ध्या मिनिटाने सगळे पुन्हा सुरळीत होई. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, पाहिले तर प्रत्येक वेळी एएचसीआय ड्रायव्हरच्या नावाने १२९ क्रमांकाची नोंद होती : डिस्कला रीसेट पाठवला, असा तिचा अर्थ. एएचसीआयमध्ये वीज वाचवण्यासाठी डिस्कची जोडणी मधूनमधून झोपवली जाते आणि काही एसएसडी त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट’ ही सेटिंग मुळात लपवलेली असते. ती उघड करून ‘अ‍ॅक्टिव्ह’वर ठेवल्यापासून आजपर्यंत ती नोंद एकदाही आली नाही. त्याबदल्यात बॅटरी सुमारे दहा मिनिटे आधी संपते, आणि तो सौदा मला पूर्णपणे मान्य आहे.

एप्रिलमध्ये लेगसीवरून यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर गेलो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचे साधन मिळते आणि ते डेटा न पुसता डिस्कच्या भागांची मांडणी जुन्या एमबीआरवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीवर नेते. माझ्याकडे ते पहिल्याच तपासणीत अडले. आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे दुकानाने सी, डी आणि ई असे भाग पाडले होते. त्यांतले डी आणि ई एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटात, होते आणि तशी मांडणी या साधनाला चालत नाही. त्या दोन्ही भागांतील सामान बाहेरच्या डिस्कवर हलवायला एक अख्खा रविवार गेला. ते भाग काढून टाकल्यावर रूपांतर मात्र दोन मिनिटांत झाले. त्यानंतर बायोसमध्ये बूट मोड यूईएफआय केला आणि जुन्या पद्धतीला आधार देणारा सीएसएम बंद केला. फेब्रुवारीत बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत ३१ सेकंद लागत होते, ते आता १७ आहेत. शिवाय टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या टॅबवर ‘लास्ट बायोस टाइम’ हा आकडाही दिसू लागला. माझ्याकडे तो ५.८ सेकंद असतो, म्हणजे उरलेला वेळ विंडोजचा आहे हे नेमके कळते.

बायोसमधले ‘फास्ट बूट’ मी पाच दिवस चालू ठेवले आणि बंद केले. त्याने दीड-दोन सेकंद वाचले, पण सुरुवातीला यूएसबी उपकरणांची तपासणी होत नसल्याने बाहेरच्या कीबोर्डवरून बायोस उघडणे आणि पेन ड्राइव्हवरून बूट करणे जमेनासे झाले. अशा वेळी शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या पडद्यावरून बायोसमध्ये जाता येते, परंतु विंडोजच उघडत नसेल तर तो मार्ग उरत नाही.

बहिणीच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. त्यात एनव्हीएमई या साटापेक्षा नव्या पद्धतीची एसएसडी आहे. एएचसीआयमध्ये ३२ मागण्यांची एकच रांग असते, तर एनव्हीएमईमध्ये हजारो रांगांची सोय आहे, त्यामुळे आयडीई की एएचसीआय हा वादच तेथे उरत नाही. मात्र बायोसमध्ये इंटेलचा ‘व्हीएमडी’ (एनव्हीएमई डिस्क हाताळणारा मधला कंट्रोलर) चालू असल्याने विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा उपयोग नाही, म्हणून तो बंद करून विंडोज टाकले. वेगात मोजण्याजोगा फरक पडला नाही. आधीपासून विंडोज चालू असलेल्या लॅपटॉपवर मात्र हा बदल तयारीशिवाय करू नये, अन्यथा तोच निळा पडदा येतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी माझ्या लॅपटॉपने ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे सांगितले. एसएसडी गेली असे वाटून पोटात गोळा आला. बायोस उघडल्यावर तारीख १ जानेवारी २०१४ दिसली आणि उलगडा झाला : मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, सगळ्या सेटिंग्ज मूळ ठिकाणी गेल्या होत्या आणि लेगसी मोड जीपीटी डिस्कवरून विंडोज उघडू शकत नव्हता. नवा सेल बसवला, एप्रिलमध्ये मोबाइलवर काढलेले बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो समोर ठेवले आणि दहा मिनिटांत सर्व सेटिंग्ज परत लावल्या. त्या फोटोंची छापील प्रत आता लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवलेली असते.