सेटिरिझिन आणि स्यूडोएफेड्रिनची एकत्रित गोळी: नाकाला आराम, रक्तवाहिन्यांवर ताण

ॲलर्जीच्या सर्दीसाठी मिळणाऱ्या या गोळीत 5 मिलिग्रॅम सेटिरिझिन आणि हळूहळू विरघळणारे 120 मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन असते, आणि ती बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. गुण येतो का, याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. सकाळी उठल्याबरोबर सुरू होणाऱ्या माझ्या शिंका आणि डोळ्यांची खाज थांबलीच, शिवाय नुसत्या सेटिरिझिनला दाद न देणारे चोंदलेले नाकही मोकळे झाले.

तक्रार आहे ती हातांची. गोळी सुरू असताना गार पाण्यात हात घातला की मधल्या दोन बोटांची टोके पांढरीफटक पडत आणि नखांखालचा गुलाबी रंग नाहीसा होई. मग निळसर झाक येई आणि हात ऊबेला नेल्यावर बोटे लालबुंद होऊन त्यांना मुंग्या येत. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी 1862 मध्ये वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार असाच दिसतो.

यात सेटिरिझिनला दोष देणे मला योग्य वाटत नाही. ते हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाचा, परिणाम रोखते. रक्तवाहिन्या आकसवणे हे त्याचे काम नव्हे. स्यूडोएफेड्रिन मात्र नेमके तेच करते. नाकातील सुजलेल्या अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसल्या की नाक मोकळे होते, पण पोटातून घेतलेले औषध केवळ नाकापुरते थांबत नाही, ते सर्व शरीरात पोहोचते. म्हणूनच काहींचा रक्तदाब वाढतो, छातीत धडधडते, झोप उडते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील दुर्मिळ पण गंभीर परिणामांमुळे युरोपीय औषध संस्थेने 2024 मध्ये या घटकाविषयीचे इशारे अधिक कडक केले, आणि अनियंत्रित रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांनी तो घेऊ नये असे सांगितले. इतकी महत्त्वाची माहिती पाकिटातल्या घडीच्या कागदावर, डोळे ताणून वाचावी लागेल अशा अक्षरांत असावी, हे मला अजिबात पटत नाही.

तरीही गार पडलेल्या प्रत्येक बोटाचे खापर या गोळीवर फोडता येणार नाही. धूम्रपान, रक्तदाबासाठी दिली जाणारी काही बीटा-ब्लॉकर औषधे, अर्धशिशीवरील एर्गोटामिन, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, त्वचा कडक करणारे स्क्लेरोडर्मासारखे विकार यांमुळेही असेच घडू शकते. चालताना पोटरीत गोळा येत असेल आणि थांबल्यावर तो ओसरत असेल, तर पायांच्या धमन्या अरुंद झाल्याची शक्यता आधी तपासून घ्यावी. गोळी बंद केल्यावरही बोटे पांढरी पडत राहिली, एकाच हाताला त्रास झाला किंवा बोटावर जखम झाली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. अचानक तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल झाल्यास मात्र गोळी लगेच थांबवून थेट तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी एकत्रित गोळी थांबवून साधी सेटिरिझिन आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, पण नाक मोकळे राहते आणि बोटांचा रंगही टिकतो. नाक चोंदल्यामुळे झोप लागत नसेल आणि रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा कोणताही विकार नसेल, तर डॉक्टरांना विचारून मोजक्या दिवसांसाठी ही गोळी घेण्यासारखी आहे. संपूर्ण हंगामभर रोज घेण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही.