आपलाच बॅकअप आपल्यालाच विकला : डेटा रिकव्हरीवाल्याचा अनुभव

माझ्या ताईला डेटा रिकव्हरीच्या नावाखाली २९,५०० रुपयांना गंडवलं त्याची ही हकीकत आहे. जरा सविस्तर लिहितोय, कारण ज्या पद्धतीनं गंडवलं त्या पद्धतीनं कुणालाही गंडवता येतं, आणि ज्यांच्याकडे बॅकअपची डिस्क आहे त्यांना तर अजूनच सहज.

ताईचं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पावतीपुस्तकं, शाळेचे अंक, असली कामं रोजची, पण त्याच्या जोडीला ती गेली दोनेक वर्षं एका निवृत्त गुरुजींसाठी जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक लावत होती. गुरुजींनी आसपासच्या गावांत म्हाताऱ्या बायकांकडं बसून गोळा केलेल्या ओव्या, काही वहीत, काही नुसत्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या, त्या ऐकून ऐकून ताईनं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे टाइप केल्या आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे पानं लावली. हे काम म्हणजे परत बसून टाइप करू असं म्हणण्यासारखं नाही, कारण ज्यांनी म्हटल्या त्यातल्या काही आज्या आता राहिल्या नाहीत. पुणे भागात हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात म्हणून त्या टिकल्या तरी, आमच्या गुरुजींचं काम एकट्याचं आणि ते सगळं ताईच्या एका कॉम्प्युटरवर.

एका संध्याकाळी काम चालू असताना कॉम्प्युटर अडकला, बंद करून चालू केला तर विंडोजच नाही. दुकानाशेजारचा पोरगा येऊन बघून गेला, म्हणला आतली एसएसडीच, म्हणजे डेटा साठवणारी मुख्य डिस्कच दिसत नाही, बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर पण नाव येत नाही. आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या की ताईच्या टेबलावर एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेली असायची आणि विंडोजची फाइल हिस्टरी, म्हणजे फाइलींच्या आपोआप कॉप्या ठेवणारी सोय, तिच्यावर चालू होती, ती मीच मागं एका दिवाळीला गेलो होतो तेव्हा लावून दिली होती. म्हणजे बॅकअप होता, चांगला होता, तासातासाला होत होता. ताईला पण माहीत होतं की त्या डिस्कवर काहीतरी कॉपी जाते.

मी त्या आठवड्यात कामानं बाहेर होतो, फोन लागेना, आणि पत्रिकांचं गिऱ्हाईक दारात, म्हणून ताईनं मोबाइलवर सर्च केलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात आली तिथं फोन लावला. पुण्यातला माणूस. १०० टक्के रिकव्हरी, नो डेटा नो चार्ज, घरून पिकअप. नाव इथं देत नाही कारण तक्रार चालू आहे. बोलायला अतिशय गोड, ताई ताई करून बोलणारा. त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल तर बॅकअप घेता का. ताई म्हणाली हो, बाहेरची डिस्क आहे. लगेच म्हणला, "मग ती पण पाठवा ताई, दोन्ही एकत्र लागतात, मॅचिंग करावं लागतं."

मॅचिंग बिचिंग असलं काही नसतं. बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढायला दुसऱ्या चांगल्या बॅकअप डिस्कची कसलीच गरज नसते. तो प्रश्न त्यानं फक्त एवढ्यासाठी विचारला की हातात आयता डेटा येतोय का ते बघायचं होतं, हे मला आता शंभर टक्के वाटतं.

डिस्का गेल्या. १,५०० रुपये तपासणी फी यूपीआयवर घेतली, नो डेटा नो चार्ज म्हणत असताना. मग फोन आला की केस फार अवघड आहे, मेन डिस्कचं हेड (डेटा वाचणारा भाग) अडकलंय, क्लीनरूममधे (धूळ नसलेल्या खोलीत) उघडावी लागेल, आणि बॅकअपची डिस्क पण करप्ट आहे, बॅड सेक्टर आहेत, तिच्यातून काहीच निघणार नाही. ताई रडकुंडीला आली. १२,००० अॅडव्हान्स, ते पण यूपीआय. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट आला, त्यात ओव्यांच्या फाइलींची यादी, पण म्हणे ही निम्मीच आहे, उरलेली "खालच्या लेअरला" आहे, त्याला डोनर पार्ट, म्हणजे दुसऱ्या डिस्कचा सुटा भाग मागवावा लागतोय, अजून १६,००० द्या आणि रोख दिलेत तर जीएसटी वाचेल. त्याचा माणूस सांगलीत येऊन रोख घेऊन गेला आणि पेन ड्राइव्ह देऊन गेला. बाहेरची डिस्कपण परत दिली, "क्लीन करून दिलीय, आता वापरू शकता" म्हणून. एक हातानं लिहिलेलं बिल दिलं, १२,००० चंच.

पेन ड्राइव्ह उघडल्यावर ताईनं मला फोटो पाठवला, दादा नावं अशी का आलीत म्हणून. प्रत्येक फाइलच्या नावापुढं कंसात तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ. मी ऑफिसात सर्व्हर आणि बॅकअपचंच काम बघतो, ते नाव बघितलं आणि डोक्यात सणक गेली. ही रिकव्हर केलेली फाइल नव्हेच. विंडोजची फाइल हिस्टरी जेव्हा बाहेरच्या डिस्कवर कॉपी ठेवते तेव्हा ती मूळ नावाला असं यूटीसीवालं शेपूट लावून ठेवते, म्हणजे एकाच फाइलच्या वेगवेगळ्या वेळच्या कॉप्या शेजारी शेजारी राहाव्यात. विंडोजमधून रीतसर रिस्टोअर केलं तर शेपूट जातं आणि मूळ नाव येतं. शेपटासकट फाइल हातात आली याचा अर्थ एवढाच की कुणीतरी बॅकअपची डिस्क लावली, फाइल हिस्टरी नावाचा फोल्डर उघडला आणि कॉपी पेस्ट केलं. अर्ध्या तासाचं काम. शेवटच्या कॉपीवर वेळ होती १२_३४ यूटीसी, त्यात साडेपाच तास मिळवा, संध्याकाळचे ६ वाजून ४ मिनिटं, आणि कॉम्प्युटर बंद पडला तो त्याच संध्याकाळी सातच्या आत. म्हणजे ज्या डिस्कमधून काहीच निघणार नाही म्हणून सांगितलं त्याच डिस्कमधे तासाभरापूर्वीपर्यंतचं सगळं काम जसंच्या तसं पडलेलं होतं, आणि ताईचीच वस्तू ताईला निम्मी निम्मी करून दोनदा विकली.

बिल बघितलं तर अजून वरताण. त्यात लिहिलंय हेड रिप्लेसमेंट आणि क्लीनरूम प्रोसेस, आणि पुढं डिस्कचा प्रकार एसएसडी. एसएसडीमधे हेडच नसतं हो. हेड असतं फिरत्या तबकड्यांच्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधे, ते तबकडीपासून केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं म्हणून तिथं धुळीचा कण चालत नाही आणि म्हणून ती उघडायला क्लीनरूम लागते. एसएसडी म्हणजे नुसत्या चिपा. त्यात ना तबकडी ना हेड. ताईची एसएसडी परत आली तिचं सील आणि स्क्रू जसेच्या तसे होते, तिला कुणी हातपण लावला नव्हता. डीटीपी करणाऱ्या बाईला हे माहीत असायचं काहीच कारण नाही, आणि तो माणूस नेमका त्याच्याच जिवावर खातो.

पण मला सगळ्यात जास्त राग पैशाचा नाही. बाहेरची डिस्क त्यानं "क्लीन करून" दिली म्हणजे फॉरमॅट मारून दिली, पुरावा राहू नये म्हणून. आणि त्या डिस्कवर जुन्या कॉप्या होत्या. गुरुजींनी मधे एकदा ओव्यांची भाषा थोडी प्रमाण करून घेतली होती, मग त्यांना ते खटकलं आणि बायकांच्या तोंडी होती तशीच ठेवायची असं ठरलं, तर ते मूळ बोलीतलं रूप फक्त जुन्या कॉप्यांमधे होतं. त्यानं पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची फक्त शेवटची कॉपी दिली होती. बाकी सगळं फॉरमॅटमधे गेलं.

सुदैवानं त्यानं क्विक फॉरमॅट मारला होता. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकल्यासारखं, पानं जागेवरच असतात, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर. फुल फॉरमॅट केला असता तर विंडोज व्हिस्टापासून पुढं सगळ्या डिस्कभर शून्य लिहिली जातात, मग देवपण काही करू शकत नाही. मी ताईला सांगितलं त्या डिस्कला हात लावू नको, एक फाइलपण टाकू नको, आणि सांगलीला जाऊन फोटोरेक लावलं. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर आहे, नावावर जाऊ नका, फोटोशिवाय इनडिझाइन, वर्ड, पीडीएफ बरंच काही शोधतं. त्यात मूळ नावं राहत नाहीत, नुसते आकडे येतात, आणि सापडलेलं दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचं असतं, त्याच डिस्कवर उतरवलं तर उरलंसुरलं पण मरतं. हजारो फाइली आल्या, ताईनं आणि तिच्या पोरीनं एकेक उघडून बघितली. बऱ्याच जुन्या कॉप्या मिळाल्या, काही तुटक निघाल्या, तिसऱ्या भागातली काही पानं नाहीच मिळाली.

म्हणून डिस्क कुणाच्याही हातात द्यायच्या आधी एवढं करा. बॅकअपची डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, शेजाऱ्याच्या, भाच्याच्या, कुणाच्याही. फाइल हिस्टरी नावाचा फोल्डर दिसेल, त्याच्या आत तुमचं युजरनेम, कॉम्प्युटरचं नाव, डेटा, मग सी, असं आत आत जात राहिलं की तुमचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सापडतात, शेपूटवाल्या नावांनी. तिथून कॉपी करा, कट नका करू. फाइल हिस्टरी मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असल्याच फोल्डरांची कॉपी ठेवते, काम डी ड्राइव्हवर करत असाल आणि तो मुद्दाम जोडला नसेल तर ते तिथं नसणार हे आजच बघून घ्या. गूगल ड्राइव्हवर काम असेल तर ट्रॅश बघा, डिलीट झालेलं तिथं ३० दिवस राहतं. आणि चांगली चालणारी बॅकअप डिस्क बंद पडलेल्या डिस्कबरोबर कुरिअरनं कधी म्हणजे कधीच पाठवू नका, समोरचा कितीही ताई ताई करू दे.

खरंच डिस्क गेली असेल, टकटक आवाज येत असेल, तर ती लगेच बंद करा आणि घरी सॉफ्टवेअर लावत बसू नका, तिथं जाणकार माणूसच लागतो आणि असे प्रामाणिक लोक आहेत, मी कामानिमित्त पाहिलेत. ते पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून देतात, आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल काढतात आणि काम इमेजवर करतात, काय बिघडलंय ते लेखी सांगतात आणि पैसे घ्यायच्या आधी दोन चार फाइली तुमच्यासमोर उघडून दाखवतात. नुसत्या नावांच्या यादीवर विश्वास ठेवू नका, यादी दिसते म्हणजे फाइल उघडेल असं अजिबात नाही.

आणि ही ट्रिक फक्त आपल्याकडची नाही. २०१९ साली प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारितेच्या संस्थेनं छापलं होतं की तिकडच्या काही डेटा रिकव्हरी कंपन्या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीसाठी फाइली लॉक करणाऱ्या व्हायरसनं, लॉक केलेल्या फाइली आमच्या टेक्नॉलॉजीनं उघडतो असं सांगायच्या आणि प्रत्यक्षात गुपचूप हॅकरलाच पैसे भरून गिऱ्हाइकाकडून त्याहून जास्त घ्यायच्या. आपल्याकडं डीटीपीवाले क्रॅक सॉफ्टवेअर टाकतात आणि त्यातून फाइली लॉक होतात असं बरंच चालतं, तेव्हा कुणी खात्रीनं उघडून देतो म्हणलं तर आधी नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, ती युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांनी मिळून सुरू केलेली आहे आणि काही प्रकारांची किल्ली तिथं फुकट मिळते.

ताईच्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या आधारच्या झेरॉक्स, फोटो, दाखले पण होते, ते सगळं आता त्या माणसाकडं आहे की नाही कळायला मार्ग नाही. ताईनं नेहमीच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगितलं. सोपं नव्हतं ते, एकदोघं चिडले पण.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्या रिकव्हरीवाल्यानं उत्तरच दिलं नाही, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, ते हेडवालं बिल आहे, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं आहे आणि तो पेन ड्राइव्ह आम्ही जसाच्या तसा बाजूला ठेवलाय, कारण ती यूटीसीची नावं हाच सगळ्यात मोठा पुरावा. रोखीच्या १६,००० चा कागद नाही, पण ते मागतानाचा त्याचा मेसेज आहे. तुमच्याकडे कुणी रिकव्हरी करून दिली असेल तर पेन ड्राइव्ह काढून नावं बघा, तसलं शेपूट दिसलं तर फाइलींची नावं बदलू नका, बिल जपून ठेवा, तक्रारीला घटना घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.