टिक्का टी३एक्स कॉम्पॅक्ट (६.५ क्रीडमोर): हरणाच्या सीझनसाठी पहिली रायफल घेणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते, मग कारणं. व्हाइटटेल (अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं) हरणासाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट म्हणजे मागचा दांडा हातानं मागं-पुढं करून काडतूस भरायची) घ्यायची असेल आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) सोडून आठशे डॉलरच्या आसपास खर्च करायची तयारी असेल तर टिक्का टी३एक्स घ्या, आणि माझ्यासारखी उंची पाच फूट दोन इंच असेल तर त्यातलं कॉम्पॅक्ट मॉडेल घ्या. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते, गेले काही सीझन हीच रायफल वापरतेय, आणि आपल्या मराठी ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच नीट लिहितेय.

पण त्याच्याही आधी एक महत्त्वाचं, व्हिसावर असाल तर हे वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. एच-वन-बी वगैरे व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या फेडरल कायद्यानं बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ ठेवायला बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स, मग लायसन्स, मग रायफल, हा क्रम उलटा करायचा नाही, आणि तरीही एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारा कारण पणाला लागतंय ते तुमचं स्टेटस. मित्राची रायफल रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) नुसती हातात घेऊन उडवणं हेसुद्धा यात येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही, बॅकग्राउंड चेक मात्र सगळ्यांचाच होतो.

आता बोल्ट-अ‍ॅक्शनच का? पेनसिल्व्हेनियात हरीण-अस्वलासारख्या मोठ्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालतच नाही, त्यामुळं बोल्ट, लिव्हर, पंप आणि एकेरी काडतुसाची एवढेच पर्याय उरतात, आणि त्यात बोल्ट समजायला सगळ्यात सोपी. पाउल माउझरनं १८९८ मध्ये जो आराखडा पक्का केला त्याचाच वारसा आजच्या बहुतेक रायफली चालवतायत. बोल्ट उघडा ठेवला की रायफल उडू शकत नाही हे शेजारच्यालाही लांबून दिसतं, नवशिक्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक हा विषयच नसतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार बंदच झाली. सिंधुदुर्गाकडच्या लोकांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक तरी पाहिलेली असते, आणि त्यांना ऐकून गंमत वाटेल की इथं नाताळानंतर खास चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो, तो विषय पुन्हा कधीतरी.

तर दुकानात गेल्यावर लोक पहिला प्रश्न कॅलिबरचा (कुठल्या काडतुसाची रायफल) विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रश्न मापाचा असला पाहिजे. लेंग्थ ऑफ पुल म्हणजे ट्रिगरपासून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंतचं अंतर, ते नेहमीच्या रायफलींमध्ये साडेतेरा-चौदा इंच असतं, म्हणजे उंच अमेरिकन पुरुषाच्या हाताला बरोबर. कॉम्पॅक्टमध्ये ते साडेबारा इंच आहे आणि सोबत एक इंचाचा स्पेसर येतो, म्हणजे मुलामुलीसाठी घेतली तर ते वाढले की दस्ताही वाढवता येतो. दुकानात तपासायची पद्धत अशी, घरून थंडीचं जाड जॅकेट घेऊन जा (हो, सप्टेंबर असला तरी, कारण सीझन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो आणि तेव्हा तुम्ही त्याच जॅकेटमध्ये असणार), स्कोप लावलेली रायफल मागा, बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची बोटानं खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसलं तर ती रायफल तुमची. काळी कड दिसली आणि मान पुढंमागं करावी लागली, किंवा दस्ता काखेत जॅकेटला अडकला, तर नाही, मग सेल्समन काहीही सांगो. हॅम्बर्गच्या कबेलाजसारख्या मोठ्या दुकानात एका रांगेत आठ-दहा मॉडेलं हातात घेऊन बघता येतात, तिथं अर्धा दिवस घालवा, लाजू नका.

टिक्काचा बोल्ट हातात घेतला की फरक लगेच कळतो. हँडल फक्त सत्तर अंश उचलावं लागतं, त्यामुळं बोटं स्कोपला आपटत नाहीत, आणि मागं ओढताना कुठंही खरखर नाही, डगमग नाही, चांगल्या शिसवी कपाटाचा खण सरकावा तसा सरकतो. रुगर अमेरिकन या दुसऱ्या रायफलीचा बोल्टही सत्तर अंशच उचलतो पण त्याला तीन लग (बोल्ट जागी अडकवणारे दात) आहेत आणि उचलताना जोर जास्त लागतो, माझ्यासारख्या लहान हाताला ते जाणवतं. टिक्का बनते फिनलंडमध्ये, रिहिमाकीच्या साको कारखान्यात, साकोच्याच महागड्या रायफलींच्या शेजारी, आणि नळ्याही तिथंच कोल्ड हॅमर फोर्ज होतात (थंड पोलाद ठोकून घडवतात), हा या किमतीतला खरा फायदा. कंपनी शंभर यार्डांवर तीन गोळ्या साधारण एका इंचात बसण्याची हमी देते आणि माझी रायफल योग्य काडतूस दिलं की ते सहज करते. नळी बारीक आहे म्हणून सलग उडवत राहिलं की तापते आणि गोळ्या पसरायला लागतात, पण जंगलात कामाची असते ती थंड नळीतली पहिली गोळी, आणि ती रोज त्याच जागी जाते.

ट्रिगर हे या रायफलीचं सगळ्यात सुंदर अंग. दोन ते चार पौंडांच्या मधे कुठंही लावता येतो, मी तीनच्या जवळ ठेवलाय कारण हातमोज्यात त्याहून हलका नको. ना सरकतो ना अडखळतो, दाब वाढवत नेला की काच तुटल्यासारखा सुटतो आणि तुम्हाला स्वतःलाच कळत नाही नक्की कधी सुटला, नेम तिथंच सुधारतो.

आता कॅलिबर. मध्यम आकाराचं सावज म्हणजे व्हाइटटेल, म्यूल डिअर, प्राँगहॉर्न, रानडुक्कर, यांच्यासाठी .२४३ विंचेस्टर (१९५५) पासून .३०-०६ (१९०६) पर्यंत सगळी चालतात आणि .२७० विंचेस्टर तर १९२५ पासून हेच काम करतेय. यावर रात्रभर भांडणारे लोक आहेत, पण हरणाला त्यातला फरक कळत नाही, तुमच्या खांद्याला कळतो. कॉम्पॅक्ट तीन किलोच्याही आत आहे, इतक्या हलक्या रायफलीत .३०८ सारखं जोरदार काडतूस म्हणजे पहिल्या वीस काडतुसांनंतर शरीर आपोआप धक्क्याची वाट बघायला लागतं, ट्रिगर ओढायच्या क्षणी डोळे मिटतात आणि मग नेम गेला. म्हणून ६.५ क्रीडमोर. हॉर्नडी या काडतूस कंपनीनं २००७ मध्ये आणलेलं हे काडतूस, १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी जाते, वीस इंची नळीत त्याहून थोडी कमी, पण आमच्याकडच्या दाट जंगलात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं तेव्हा ताकद भरपूर उरते. सेव्हन एमएम-०८ हे १९८० चं काडतूसही मला मनापासून आवडतं, धक्का थोडा जास्त पण काम चोख, फक्त गावातल्या लहान दुकानात ते नेहमी मिळेल असं नाही आणि क्रीडमोर मिळतंच, मी त्याच कारणानं इकडं वळले.

गोळी मात्र तांब्याची घ्या, हे मी कळकळीनं सांगतेय. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, आणि ते मांस आपण पोरांना खाऊ घालणार. जंगलात टाकलेली आतडी गरुड खातात, त्यांनाही शिशाची विषबाधा होते. बार्न्ससारख्या कंपन्यांच्या पूर्ण तांब्याच्या गोळ्या थोड्या महाग पडतात, पण सीझनभरात हरणावर उडवायच्या गोळ्या किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सरावाला स्वस्त वापरा, पण सीझनच्या आधी तांब्याच्या गोळीवर पुन्हा झीरो करून घ्या (गोळी लागते तिथंच स्कोपचा नेम जुळवा), दोन्ही एकाच जागी लागतील असं धरून चालू नका.

खटकतं काय तेही सांगते. सेफ्टीला (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याला) दोनच पोझिशन आहेत. सेफ्टी लावली की बोल्टही लॉक होतो, म्हणजे चेंबरमधलं काडतूस काढायचं तर सेफ्टी काढावीच लागते, अंधार पडल्यावर गारठलेल्या बोटांनी हे करताना मला कधीच बरं वाटत नाही. विंचेस्टर मॉडेल ७० ची तीन पोझिशनची सेफ्टी याबाबतीत खूपच सरस, मधल्या पोझिशनला ट्रिगर बंद आणि बोल्ट मोकळा. साको हे का बदलत नाही मला समजत नाही. मॅगझिन प्लास्टिकचं, तीन काडतुसांचं, वरून भरता येत नाही, बाहेर काढूनच भरावं लागतं, आणि दुसरं घ्यायला गेलात तर किंमत बघून राग येतो. शिवाय सगळ्या कॅलिबरना अ‍ॅक्शनची (बोल्ट बसतो त्या यंत्रणेची) लांबी एकच, त्यामुळं छोट्या काडतुसाला छोटी अ‍ॅक्शन हा फायदा इथं नाही. जुन्या टी३ च्या मानानं २०१६ च्या टी३एक्समध्ये बऱ्याच गोष्टी सुधारल्यात, रिकॉइल लग (धक्का दस्त्यात उतरवणारा तुकडा) अ‍ॅल्युमिनियमचा होता तो स्टीलचा झाला, बोल्टचं मागचं झाकण धातूचं झालं, दस्त्यात फोम भरला म्हणून फांदीला लागल्यावर पूर्वीसारखा पोकळ आवाज येत नाही. सेकंडहँड बघत असाल तर हे फरक लक्षात ठेवा. नळी आखूड म्हणून आवाज कानठळ्या बसवणारा, कानाचं संरक्षण जंगलातही ठेवा.

स्कोप साधा ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमी) घ्या, उगाच मोठा लावून हलक्या रायफलीचा तोल बिघडवू नका. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर जाऊ देत. गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार खात्याच्या) स्टेट गेम लँड्सवर रेंज आहेत, हंटिंग लायसन्स किंवा रेंज परमिट असलं की झालं. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून झीरो केलं की तिथून उठा आणि मग बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून सराव करा, कारण हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंचांची, आणि ज्या अंतरावर तुमची प्रत्येक गोळी त्या आठ इंचांत जात नाही त्या अंतरावर ट्रिगरला हात लावायचा नाही. जखमी हरीण रात्रभर झाडीत पडून राहणं यासारखं वाईट काही नाही. आणि नारिंगी कपडे, डोकं-छाती-पाठ मिळून किमान २५० चौरस इंच, चारी बाजूंनी दिसेल असे, हा कायदाच आहे.

बजेट पाचशे-सहाशेच्या आसपासच थांबत असेल तर रुगर अमेरिकनची दुसरी पिढी बघा, त्यात दस्त्याचे स्पेसर बारा ते पावणेचौदा इंचांपर्यंत आहेत, सेफ्टी तीन पोझिशनची, तीही अंगठ्याखाली, या दोन बाबतींत ती टिक्काला सरळ मागं टाकते, बोल्ट आणि ट्रिगरमध्ये मात्र टिक्काच. त्याहून कमी असेल तर सॅव्हेज अ‍ॅक्सिस, दिसायला काही नाही पण गोळी लागते. आणि डावखुरे असाल तर उजव्या हाताची रायफल "होईल सवय" म्हणून घेऊ नका, टी३एक्स लाइट या मॉडेलमध्ये डाव्या हाताचा बोल्ट मिळतो, दुकानात नसला तर ऑर्डर करून थांबा, पण तोच घ्या.