रेड ड्रॅगन : रोल धुणाऱ्या माणसानं वाचलेली कादंबरी

हे पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चार रात्रींत संपवलं, पुढं काय होतंय या धास्तीनं पानं पलटत गेलो, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम दीड महिना लावला, रोज दुकान बंद करून घरी आल्यावर आठ-दहा पानं, कारण पहिल्या वाचनात जे मनात अडकून बसलं होतं ते नेमकं काय आहे हे मला शोधायचं होतं.

थॉमस हॅरिस हा लेखक, आधी वर्तमानपत्रात काम केलेला माणूस, आणि हे पुस्तक १९८१ सालचं. मी ऑनलाईन मागवलं, बेळगावात यायला पाच दिवस लागले, साडेतीनशेच्या आसपास पडलं. पेपरबॅक आहे, कागद पिवळट, अक्षर बारीक, रात्री ट्यूबलाईटखाली वाचताना डोळे दुखतात, त्यामुळं चष्मा असेल तर फोनवर किंवा टॅबवर घेतलेलं बरं. इंग्लिशचं म्हणाल तर मी दहावीपर्यंत मराठी मिडियमचा, तरी अडलो नाही. वाक्यं छोटी आहेत. पहिल्या पन्नास पानांत पोलिसी शब्द बरेच येतात, ते एकदा कळले की गाडी सुटते.

कथा थोडक्यात सांगतो, आणि पुढं जे लिहिणार आहे त्यात अर्ध्यापर्यंतच्या काही गोष्टी येतील, ज्यांना काहीच कळायला नको त्यांनी इथंच थांबा. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या शहरांत, अटलांटा आणि बर्मिंगहॅम, दोन अख्खी कुटुंबं त्यांच्या घरात मारली जातात, दोन्ही वेळा पौर्णिमेला. एफबीआयचा जुना माणूस विल ग्रॅहम, जो नोकरी सोडून फ्लोरिडाला समुद्राकाठी बोटींची इंजिनं दुरुस्त करत बायको आणि तिच्या मुलाबरोबर सुखात राहिलेला असतो, त्याला परत बोलवून आणतात. पुढच्या पौर्णिमेच्या आत खुनी सापडायला पाहिजे. एवढीच कथा. असली कथा आता शंभर पुस्तकांत आणि वेबसिरीजमधे आहे.

मग यात वेगळं काय? हे सांगायला मला माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल. मी १९९७ पासून नऊ वर्षं बेळगावात एका कलर लॅबमधे होतो. कॅमेऱ्याच्या फिल्मचे रोल धुवायचो, प्रिंट काढायचो. डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं पहिलं रसायन, अडतीस डिग्रीला धरून ठेवायचा, अर्धा डिग्री इकडं तिकडं झालं तरी रंग बिघडायचा, मग ब्लीच, फिक्सर, आणि शेवटी ओली पट्टी क्लिपला लटकवायची. खानापूर, चंदगड, निपाणी, येळ्ळूर, सगळीकडचे स्टुडिओवाले रोल घेऊन यायचे, पाकिटावर कुणाचं नाव मराठीत कुणाचं कन्नडमधे. ही धुतलेली पट्टी म्हणजे निगेटिव्ह, ती खालून उजेड येणाऱ्या लाईटबॉक्सवर ठेवली की माणसाचा चेहरा काळा दिसतो, केस पांढरे, आणि हसणाऱ्याचे दात काळे. छत्तीस फोटोंत एका घराचं सगळं वर्ष असायचं, बारसं, गणपती, मग मधेच दवाखान्यातला एक फोटो, मग दोन-तीन फ्रेम मोकळ्या, मग पुढच्या वर्षीचा गणपती आणि त्यात आजोबा नाहीत. त्या लोकांना मी कधी भेटलो नाही, पण त्यांच्या घरात फ्रिज कुठं आहे, मागचं दार कुठल्या बाजूला आहे, पोरं किती, हे मला माहीत असायचं.

आणि या पुस्तकातला खुनी, फ्रान्सिस डोलारहाईड, हा फिल्म लॅबमधेच काम करतो. लोक घरगुती फिल्म धुवायला पाठवतात, तो बघतो.

हे जिथं उघड होतं तिथं मी पुस्तक उलटं ठेवलं आणि पाणी प्यायला उठलो. बायको झोपेतून म्हणाली, "अहो, अजून काय वाचालाय, दीड वाजला की." मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं मी ज्या खुर्चीवर बसलो ती खुर्ची एखाद्या लेखकानं अशी दाखवावी, तेही माझ्या पहिल्या रोलच्या सोळा वर्षं आधी लिहून ठेवलेलं. रक्ताचं वर्णन वाचून मला कधी असं झालं नव्हतं, इथं झालं, कारण त्या माणसाला ती कुटुंबं आवडतात. त्यांच्या स्वयंपाकघरातला उजेड, पोरांची दंगा-मस्ती, नवरा-बायकोचं एकमेकांकडं बघणं, हे सगळं त्याला हवंय, आणि ते मिळवायची त्याची रीत राक्षसाची आहे.

बाकीच्या बऱ्याच थ्रिलरमधे मेलेली माणसं म्हणजे नुसता आकडा असतो, पहिली बॉडी, दुसरी बॉडी, तिसऱ्या बॉडीजवळ एक चिठ्ठी. मेलेल्याला नाव असतं पण आयुष्य नसतं. इथं ग्रॅहम एका रात्री हॉटेलच्या खोलीतून त्या कुटुंबांतल्या एका मेलेल्या बाईच्या घरी फोन लावतो. घरात कुणी नाही, सगळे गेलेत. उत्तर देणाऱ्या मशीनवर तिचा आवाज आहे, आत्ता फोनवर येऊ शकत नाही, माफ करा, अशा अर्थाचं रोजचंच काहीतरी. बस एवढंच. तपासाला त्याचा काही उपयोग नाही. पण त्या दोन ओळीनंतर ती बाई केस राहत नाही, ती बाजारातून आलेली, पिशवी ओट्यावर ठेवणारी कुणाची तरी आई होते, आणि पुढची सगळी पानं आपण तिच्यासाठी वाचतो.

मला इथं कोल्हापूरची ती, लहान पोरं पळवून मारणाऱ्या मायलेकींची केस आठवली. १९९६ ला पकडलं तेव्हा मी लॅबला लागायचा होतो, आमच्याकडं घरोघरी तोच विषय, कोल्हापूरला पाहुण्यांकडं जाताना आई स्टँडवर धाकट्या भावाचा हात सोडायची नाही, तो ओरडायचा दुखतंय म्हणून. पुढं २००१ ला दोघी लेकींना फाशीची शिक्षा, आणि २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं दयेच्या अर्जाला फार उशीर लावला म्हणून ती जन्मठेपेवर आणली. हे सगळं मला पाठ आहे. त्या बायकांची नावं पण पाठ आहेत. पुस्तक वाचून झाल्यावर बायकोला विचारलं, त्या पोरांपैकी एकाचं तरी नाव सांग. तिला पण आलं नाही, मला पण नाही. त्या रात्री मला याची खरोखर लाज वाटली.

आता डोलारहाईडचं पात्र. पुस्तकाच्या मधे त्याच्या लहानपणाची काही प्रकरणं येतात, तपास बाजूला ठेवून. दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेलं पोर, आई टाकून जाते, अनाथाश्रम, मग आजी घेऊन जाते, आणि ती आजी अंथरूण ओलं केलं म्हणून हातात कात्री घेऊन धमकावते. हा भाग वाचताना मला त्या पोराला उचलून घरी आणावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मला ठाऊक होतं हाच मोठा होऊन काय करून आलाय, साठ-सत्तर पानं आधी मी ते वाचलेलं. दोन्ही भावना एकाच वेळी मनात राहतात, एकानं दुसरी पुसत नाही. हॅरिस कुठंच म्हणत नाही की बघा बिचारा म्हणून असा झाला, आणि कुठंच म्हणत नाही की जन्मतःच सैतान होता. तो पोराचं दुःख पूर्ण दाखवतो आणि मग मोठ्या माणसाचा हिशोब पूर्ण मागतो.

आमच्या इथं हा प्रश्न पुस्तकातला नाही. हिंडलगा जेल आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. बेंगळुरूच्या एका बाईच्या खुनातला फाशीचा कैदी तिथं जवळपास दहा वर्षं एकांतात ठेवला होता, आणि ते बेकायदेशीर होतं म्हणून सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ मधे त्याची फाशी रद्द केली, किमान तीस वर्षं आत राहायचं असं सांगून. चहाच्या गाड्यावर आमचं यावर कडाक्याचं भांडण झालेलं. एक म्हणाला दहा वर्षं एकट्याला कोंडणं म्हणजे रोज थोडं थोडं मारणंच की, दुसरा म्हणाला त्या मेलेल्या बाईच्या पोराला जाऊन सांग हे. मला तेव्हा दोघांचं बोलणं पटत होतं आणि मी कुणाच्याच बाजूनं बोललो नाही. या पुस्तकातल्या त्या मधल्या प्रकरणांत मला ते भांडण परत ऐकू आलं.

पण एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे. खुन्याचा ओठ फाटका दाखवणं. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेला, दोन ऑपरेशनं झाली, आता कॉलेजला जातोय, थोडं नाकात बोलतोय एवढंच. लहानपणी पोरं त्याला काय काय नावं ठेवायची ते मी ऐकलंय, त्याची आई दारात उभी राहून रडायची ते पण बघितलंय. अशा घरातल्या माणसानं हे पुस्तक हातात घेतलं तर त्याला काय वाटेल? लेखकानं त्या व्यंगाबद्दल कळवळ्यानं लिहिलंय हे मान्य, चूक टोचणाऱ्या लोकांची आहे हे पण दाखवलंय, तरी चेहऱ्यावरची खूण आणि आतला राक्षस यांची गाठ शेवटी वाचकाच्या डोक्यात बसतेच. हे त्यानं टाळायला हवं होतं. आजी, कात्री, टाकून गेलेली आई, एवढं पुरेसं होतं.

ग्रॅहमबद्दल मला फार लिहायचं नाही, तो चांगला जमलाय. खुन्यासारखा विचार करता करता हा माणूस स्वतःलाच घाबरायला लागतो, हे खरं वाटतं. त्याची बायको मॉली मात्र मधे फार वेळ गायब आहे. ती आणि तिचा मुलगा यांच्यावर या कामाचा जो परिणाम होतो तो फोनवरच्या तुटक बोलण्यात येतो, ते प्रसंग एवढे चांगले आहेत की अजून पाहिजे होते. आणि डॉक्टर लेक्टर, माणसं मारून खाणारा, कोंडून ठेवलेला मानसोपचारतज्ज्ञ, ज्याच्या नावावर आता ही सगळी पुस्तकं विकली जातात, तो इथं थोडाच वेळ आहे. त्याच्यासाठी घेणार असाल तर १९८८ चं पुढचं पुस्तक, द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज, घ्या, हे नको.

माझ्या दृष्टीनं या पुस्तकाचं काळीज म्हणजे रीबा. आंधळी बाई, डार्करूममधे काम करते, कारण तिथं अंधारच लागतो आणि तिला अंधाराचं काही नाही. (आमच्या लॅबमधे कागदाचा रोल अंधारात मशीनला चढवायचा असायचा, नवीन पोरांची बोटं चाचपडायची, मला अजून आठवतंय.) ही बाई डोलारहाईडशी सरळ बोलते. त्याच्या बोलण्यातला दोष ओळखते आणि तसं तोंडावर सांगते, कीव न करता, आणि तुमचं बोलणं मला नीट समजतंय म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी असं वागतं. मग तो तिला एका ठिकाणी घेऊन जातो जिथं एका वाघाला दातावर उपचारासाठी भूल दिलेली आहे. ती वाघाच्या अंगावरून हात फिरवते, केसांत बोटं घालते, छातीला कान लावते. तो बाजूला उभा राहून बघतोय. तो कोण आहे हे तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. तीन-चार पानंच आहेत, कुणी मरत नाही, कुणी पळत नाही, आणि मी श्वास धरून वाचलं. खुनी माणूस बदलू शकला असता काय, हा प्रश्न त्या खोलीत उभा राहतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात देऊ नका, काही प्रसंग फार अंगावर येणारे आहेत. ज्यांच्या घरात असलं काही घडून गेलंय त्यांनीही वाचू नये. बाकी ज्यांना खुनी कोण यापेक्षा माणूस कसा हे वाचायला आवडतं त्यांनी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ओठाच्या गोष्टीसाठी कापला.

बायको इंग्लिश वाचत नाही. वाघाचा तो प्रसंग मी तिला एक दिवस रात्री जेवताना सगळा सांगितला, ती भाकरी मोडायची थांबली होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग ताटं उचलताना म्हणाली, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. ती आंधळी बाई वाचती काय शेवटी, तेवढं सांगा."

मी सांगितलं तिला.